नौकाविहारविषयक नियतकालिके व नौकाप्रदर्शने

नौकाविहारविषयक नियतकालिके व नौकाप्रदर्शने ही प्रकाशनव्यवसायाची एक विशेष शाखा होय. शिडाच्या होड्या, मोटारनौका, वल्ह्यांच्या नौका आणि त्यांना लागणारी साधने यांविषयी मासिके, पुस्तके व बांधणीचे आराखडे प्रसिद्ध करणे, तसेच नौका-उत्पादक आणि ग्राहक यांना एकत्र आणणारी प्रदर्शने भरविणे, ही या व्यवसायाची मुख्य अंगे आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटनमध्ये आणि त्यानंतर अमेरिकेत हा व्यवसाय वाढीस लागला. सुरुवातीला तो श्रीमंतांच्या छंदाशी निगडित होता. मात्र नौकाबांधणीचे आराखडे छापील रूपात अल्प किमतीत मिळू लागल्यावर, पूर्वी पिढीजात कारागिरांच्या हातीच असलेली विद्या सामान्य वाचकापर्यंत पोहोचली. या व्यवसायाचे सांस्कृतिक महत्त्व प्रामुख्याने यात आहे. मासिकाच्या पानांतून प्रसार पावलेल्या या विद्येचा मुंबई आणि गोव्यातील नौकाबांधणीशीही संबंध आला आहे.

व्यवसायाचे स्वरूप

नौकाविषयक मासिकाचे उत्पन्न वर्गणी, किरकोळ विक्री आणि जाहिराती या तीन मार्गांनी येते. जाहिरातींत नव्या नौका, इंजिने, शिडाचे कापड, दोर, रंग, होकायंत्रे, विमा अशा वस्तू व सेवांचा समावेश असतो. वापरलेल्या नौकांच्या खरेदी-विक्रीच्या छोट्या जाहिराती हा अनेक वर्षे या मासिकांचा मोठा आधार होता. मजकुरात प्रवासवर्णने, शर्यतींचे वृत्तांत, नव्या नौकांची परीक्षणे, दुरुस्तीची माहिती, हवामान व भरती-ओहोटीविषयीचे लेख आणि अपघातांची चिकित्सा हे विषय येतात.

नौका ही महाग आणि क्वचित खरेदी केली जाणारी वस्तू असल्याने केवळ छायाचित्र पाहून ती कोणी घेत नाही. तिच्यात पाऊल ठेवून, तिचे सुकाणू हाती धरून आणि तिची बांधणी जवळून पाहूनच ग्राहकाचा निर्णय होतो. ही गरज प्रदर्शनाने भागते. मासिक वर्षभर वाचकाची आवड जोपासते आणि प्रदर्शन तिला प्रत्यक्ष व्यवहाराचे रूप देते. याच कारणाने मासिके व प्रदर्शने पुढे परस्परांवर अवलंबून राहू लागली. प्रदर्शनाचे उत्पन्न दालनांचे भाडे, प्रवेशशुल्क व प्रायोजकत्व यांतून मिळते.

उगम व विकास

ब्रिटनमध्ये १८५२ साली सुरू झालेले 'हंट्स यॉटिंग मॅगझिन' हे या विषयाच्या आरंभीच्या मासिकांपैकी एक होते. त्यानंतर १८९४ मध्ये 'यॉटिंग वर्ल्ड', १९०४ मध्ये मोटारनौकांना वाहिलेले 'द मोटर बोट' (पुढील काळात 'मोटर बोट अँड यॉटिंग') आणि १९०६ मध्ये 'यॉटिंग मंथली' सुरू झाले. जर्मनीत 'यॉट' हे नियतकालिक १९०४ मध्ये निघाले. अमेरिकेत 'यॉटिंग' आणि 'मोटर बोटिंग' ही दोन्ही मासिके १९०७ मध्ये सुरू झाली.

अमेरिकेतील 'द रडर' या १८९० साली न्यूयॉर्क येथे सुरू झालेल्या मासिकाने या क्षेत्राला वेगळे वळण दिले. त्याचा संपादक टॉमस फ्लेमिंग डे याचे मत असे होते, की लहान नौका नीट बांधलेली असेल आणि नाविक जाणता असेल, तर ती महासागर ओलांडू शकते. हे मत सिद्ध करण्यासाठी त्याने १९०६ मध्ये न्यूयॉर्क ते बर्म्युडा अशी शर्यत योजिली. तिच्यात तीनच नौका उतरल्या. ही शर्यत आज न्यूपोर्ट–बर्म्युडा शर्यत या नावाने दर दोन वर्षांनी होते. डे याने १९११ मध्ये 'सी बर्ड' या सुमारे २६ फूट लांबीच्या शिडाच्या नौकेतून आणि १९१२ मध्ये 'डिट्रॉइट' या ३५ फूट लांबीच्या मोटारनौकेतून अटलांटिक महासागर पार केला. संपादकाने आपल्या लेखणीतील मत स्वतः समुद्रात उतरून तपासल्याचे हे उदाहरण आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर प्लायवुड आणि फायबरग्लास यांच्या वापरामुळे नौका स्वस्त झाल्या, तसा वाचकवर्गही विस्तारला. स्वतःच्या नौकेची देखभाल स्वतः करणाऱ्यांसाठी ब्रिटनमध्ये १९६७ साली 'प्रॅक्टिकल बोट ओनर' हे मासिक सुरू झाले. अमेरिकेत १९७० मध्ये 'सेल' आणि १९७४ मध्ये 'क्रूझिंग वर्ल्ड' व 'वुडनबोट' ही नियतकालिके निघाली. मोठ्या विलासी नौकांना वाहिलेले 'बोट इंटरनॅशनल' १९८३ मध्ये सुरू झाले.

छापील आराखडे आणि हौशी नौकाबांधणी

नौकेचा आराखडा मासिकात छापणे किंवा टपालाने विकणे, ही या प्रकाशनांची महत्त्वाची कामगिरी मानली जाते. 'द रडर'ने 'सी बर्ड'चे आराखडे विसाव्या शतकाच्या आरंभी प्रसिद्ध केले. तिच्या मोठ्या आवृत्तीच्या आराखड्यांवरून हॅरी पिजन याने लॉस एंजेलिस येथे 'आयलँडर' ही ३४ फूट लांबीची नौका स्वतःच्या हातांनी बांधली. पिजन हा समुद्रापासून दूर असलेल्या आयोवा राज्यातील शेतकरी कुटुंबात जन्मला होता. नौकाबांधणीचे किंवा नाविकाचे कोणतेही वंशपरंपरागत शिक्षण त्याला मिळाले नव्हते. तरीही त्याने १९२१ ते १९२५ या काळात त्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. जोशुआ स्लोकम (१८९५–९८) याच्यानंतर असे करणारा तो दुसरा मनुष्य ठरला. १९३२ ते १९३७ या काळात त्याने त्याच नौकेतून दुसरी प्रदक्षिणाही केली.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमधील नियतकालिकांनी नव्या नौका स्वतःच तयार करवून घेतल्या. 'यॉटिंग वर्ल्ड'ने आरेखक जॅक होल्ट याच्याकडून १९४७ मध्ये 'कॅडेट' ही दोन मुलांनी चालवायची, सुमारे ३.२ मीटर लांबीची होडी आरेखित करवून घेतली. प्लायवुडची ही होडी शाळकरी वयाच्या मुलांना शिडाची विद्या शिकविण्यासाठी होती. 'न्यूज क्रॉनिकल' या वृत्तपत्राच्या पुरस्काराने १९५६ मध्ये होल्टचीच 'एंटरप्राइज' ही होडी पुढे आली. या दोन्ही प्रकारच्या होड्या भारतातील शिडाच्या स्पर्धांतही वापरल्या गेल्या.

या प्रयत्नांतील सर्वाधिक यशस्वी ठरलेली होडी 'मिरर' होय. 'डेली मिरर' या लोकप्रिय वृत्तपत्रासाठी होल्ट आणि दूरचित्रवाणीवर घरगुती सुतारकामाचे कार्यक्रम करणारा बॅरी बकनेल यांनी ती तयार केली. लंडनच्या नौकाप्रदर्शनात १९६३ साली ती लोकांसमोर आली. सुट्या भागांच्या संचाची किंमत ६३ पौंड ११ शिलिंग होती. प्लायवुडचे तुकडे तांब्याच्या तारेने टाचून त्यांचे सांधे फायबरग्लासची पट्टी व राळ यांनी पक्के करण्याची तिची पद्धत इतकी सोपी होती, की ती घराच्या अंगणात बांधता येई. अशा ७०,००० हून अधिक होड्या बांधल्या गेल्या. वृत्तपत्राने पुरस्कार करावा, प्रदर्शनात लोकांनी पाहावे आणि घरी जाऊन स्वतः बांधावे, ही साखळी 'मिरर'च्या रूपाने पूर्ण झाली.

नौकाप्रदर्शने

आधुनिक नौकाप्रदर्शनांची सुरुवात अमेरिकेत झाली. इंजिने व नौका यांच्या उत्पादकांच्या राष्ट्रीय संघटनेने १९०५ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन येथे प्रदर्शन भरविले. मायामी येथील प्रदर्शन १९४१ मध्ये आणि फोर्ट लॉडरडेल येथील प्रदर्शन १९५९ मध्ये सुरू झाले. लंडनचे नौकाप्रदर्शन १९५५ मध्ये 'डेली एक्सप्रेस' या वृत्तपत्राच्या पुरस्काराने ऑलिम्पिया येथे सुरू झाले. इटलीतील जिनोव्हा (१९६२), ब्रिटनमधील साउदॅम्प्टन (१९६९) आणि जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ (१९६९) ही युरोपातील इतर प्रमुख प्रदर्शने होत. मोनाको येथील मोठ्या विलासी नौकांचे प्रदर्शन १९९१ पासून भरते.

प्रदर्शनांचे दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात नौका बंदिस्त दालनात मांडल्या जातात. थंड हवामानाच्या देशांत ही प्रदर्शने हिवाळ्यात भरतात, म्हणजे वसंत ऋतूपूर्वी मागणी नोंदवून उन्हाळ्यापर्यंत नौका हाती येते. दुसऱ्या प्रकारात नौका पाण्यातच बांधून ठेवलेल्या असतात आणि पाहुण्यांना त्यांवर चढून पाहता येते. अमेरिकेतील ॲनापोलिस येथे १९७० मध्ये सुरू झालेले शिडाच्या नौकांचे प्रदर्शन या दुसऱ्या प्रकारचे आहे.

प्रकाशन व प्रदर्शन यांचे एकत्रीकरण

काही प्रकाशनसंस्थांनी मासिक आणि प्रदर्शन ही दोन्ही कामे एकाच छत्राखाली आणली. जॉन विल्सन या नौकाबांधणीकाराने मेन राज्यात १९७४ मध्ये 'वुडनबोट' हे द्वैमासिक सुरू केले. त्या वेळी फायबरग्लासमुळे लाकडी नौका कालबाह्य ठरल्याचा समज रूढ झाला होता. या मासिकाने जुन्या कारागिरांच्या पद्धती शब्द, रेखाचित्रे व छायाचित्रे यांच्या साहाय्याने नोंदविल्या, आराखडे विकले, १९८१ मध्ये ब्रुकलिन या गावी नौकाबांधणीची शाळा काढली आणि लाकडी नौकांचे वार्षिक प्रदर्शनही सुरू केले. लोप पावू पाहणाऱ्या हस्तकौशल्याला मासिक, शाळा व प्रदर्शन यांच्या एकत्रित बळावर पुन्हा उभारी मिळाल्याचे हे ठळक उदाहरण आहे. याच संस्थेच्या 'प्रोफेशनल बोटबिल्डर' या नियतकालिकाचा व्यावसायिक नौकाबांधणीकारांच्या 'आयबेक्स' प्रदर्शनाच्या स्थापनेत वाटा होता. लांब पल्ल्याच्या मोटारनौकांना वाहिलेल्या 'पॅसेजमेकर' (१९९५) या मासिकाने 'ट्रॉलर फेस्ट' हे मेळावे भरविले. त्यांत नौकांच्या मांडणीबरोबर इंजिनदुरुस्ती व मार्गनिश्चिती यांचे वर्गही घेतले जात.

मोठ्या भांडवलाच्या पातळीवरही हीच प्रवृत्ती दिसते. ब्रिटनमधील इन्फॉर्मा ही संस्था १९९८ मध्ये दोन कंपन्यांच्या विलीनीकरणातून निर्माण झाली. त्यांपैकी एक 'लॉइड्स लिस्ट' या १७३४ साली सुरू झालेल्या नौवहनविषयक वृत्तपत्राची प्रकाशक होती. पुढे इन्फॉर्माचा भर छापील प्रकाशनाकडून प्रदर्शनांकडे वळला. मोनाकोचे प्रदर्शन तिच्या अखत्यारीत आले आणि २०१७ मध्ये तिने फोर्ट लॉडरडेलच्या प्रदर्शनाची आयोजक कंपनी विकत घेतली.

सुरक्षाशिक्षण

हौशी नाविकाला समुद्राचे औपचारिक शिक्षण नसते. त्यामुळे त्याला नियम, खुणा व धोके समजावून सांगण्याची जबाबदारी बऱ्याच अंशी या मासिकांवर आली. 'मोटर बोटिंग'चा संपादक चार्ल्स चॅपमन हा १९१४ मध्ये स्थापन झालेल्या 'युनायटेड स्टेट्स पॉवर स्क्वॉड्रन्स' या नौकाशिक्षण देणाऱ्या स्वयंसेवी संघटनेच्या संस्थापकांपैकी एक होता. पहिल्या महायुद्धाच्या काळात, अमेरिकन नौदलखात्यात त्या वेळी साहाय्यक सचिव असलेल्या फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या सूचनेवरून त्याने लहान नौका हाताळण्याविषयीची पुस्तिका तयार केली. ती १९१७ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या सुधारित आवृत्त्या चॅपमनच्या नावाने आजही निघतात आणि इंग्रजी भाषक हौशी नाविकांत त्या प्रमाणग्रंथ मानल्या जातात.

टीका व मर्यादा

ज्या उत्पादकाच्या जाहिरातीवर मासिक चालते, त्याच्याच नौकेचे परीक्षण त्याच मासिकात छापले जाते. प्रकाशनसंस्था प्रदर्शनही भरवीत असेल, तर तोच उत्पादक तिचा भाडेकरूही ठरतो. त्यामुळे परीक्षणाच्या निःपक्षपातीपणाविषयी सतत प्रश्न उपस्थित होत आले आहेत. यावर उपाय म्हणून अमेरिकेत १९७४ मध्ये सुरू झालेल्या 'प्रॅक्टिकल सेलर'ने जाहिराती न घेता केवळ वाचकांच्या वर्गणीवर चालण्याचे धोरण स्वीकारले. महागड्या नौकांना अधिक जाहिराती मिळत असल्याने साध्या होडीचा वाचक उपेक्षित राहतो, अशीही टीका होते.

इंटरनेटच्या प्रसारानंतर छोट्या जाहिराती मासिकांतून संकेतस्थळांकडे गेल्या आणि उत्पन्नाचा एक आधार तुटला. अनेक मासिके मोठ्या माध्यमसमूहांच्या मालकीची झाली. प्रदर्शनांनाही झळ बसली. लंडनचे नौकाप्रदर्शन २००४ मध्ये अर्ल्स कोर्ट येथून पूर्व लंडनमधील एक्सेल केंद्रात गेले आणि जानेवारी २०१८ नंतर बंद झाले. कोविड साथीमुळे ड्युसेलडॉर्फचे प्रदर्शन २०२१ व २०२२ या दोन्ही वर्षी रद्द करावे लागले.

भारत व महाराष्ट्र

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर नौकाबांधणीची परंपरा जुनी आहे. गुराब, गलबत, शिबाड, मचवा, पडाव, होडी ही नौकांची नावे त्या परंपरेची साक्ष देतात. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या, अठराव्या शतकाच्या आरंभीच्या 'आज्ञापत्र' या ग्रंथात आरमाराची उभारणी आणि त्यासाठी लागणारे लाकूड यांविषयी सूचना आहेत. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील कारागिरांनी सागवानी जहाजे बांधली. १८१७ मध्ये तेथे जलावतरण झालेले 'ट्रिंकोमाली' हे जहाज आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाहावयास मिळते. कोकणातील होडी बांधणाऱ्यांची विद्या मात्र मुख्यतः पाहून व करून शिकण्याची राहिली. मराठीत समुद्र व नौका यांविषयीचे लेखन प्रामुख्याने इतिहास, मासेमारी आणि ललित साहित्य यांच्या अंगाने झाले.

छंद म्हणून नौकाविहार ब्रिटिश अमदानीत आला. रॉयल बाँबे यॉट क्लबची स्थापना १८४६ मध्ये झाली. भारतीय यॉटिंग संघटना १९६० मध्ये स्थापन झाली. दिल्लीच्या १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांतील शिडाच्या शर्यती मुंबईत झाल्या. तेथे फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी 'फायरबॉल' प्रकारात सुवर्णपदक मिळविले.

छापील आराखडा आणि स्थानिक कारागिरी यांचा मुंबईत झालेला सर्वांत उल्लेखनीय संगम म्हणजे 'सुहेली' ही नौका. ब्रिटिश व्यापारी नौदलातील अधिकारी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन याने इंग्लंडमधील पूल येथून टपालाने आराखडे मागविले. हवे होते त्याऐवजी अमेरिकन आरेखक विल्यम ॲटकिन याच्या 'एरिक' या जुन्या नौकेचे आराखडे आले. ॲटकिनचे आराखडे अमेरिकेतील नौकामासिकांत वर्षानुवर्षे प्रसिद्ध होत असत. वेळ कमी असल्याने आलेल्या आराखड्यांवरूनच काम सुरू झाले. कुलाब्यातील कार्यशाळेत सुतारांनी वाकस व इतर हातहत्यारे वापरून ही ३२ फुटांची सागवानी नौका बांधली. ती १९६४ च्या अखेरीस पाण्यात उतरली. याच नौकेतून नॉक्स-जॉन्स्टनने १४ जून १९६८ रोजी इंग्लंडमधील फाल्मथ बंदर सोडले आणि २२ एप्रिल १९६९ रोजी तो तेथेच परतला. कोठेही न थांबता एकट्याने केलेली ही पहिली पृथ्वीप्रदक्षिणा होय. 'संडे टाइम्स' या वृत्तपत्राने जाहीर केलेल्या या 'गोल्डन ग्लोब' शर्यतीत नऊ नाविक उतरले होते. शर्यत पूर्ण करणारा तो एकटाच ठरला.

पुढे ही परंपरा गोव्यात फुलली. दिवाडी बेटावरील रत्नाकर दांडेकर यांच्या ॲक्वेरियस या कारखान्यात भारतीय नौदलासाठी 'म्हादेई' ही ५६ फुटी शिडाची नौका बांधण्यात आली. तिच्यातून दिलीप दोंदे यांनी १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून प्रस्थान ठेवले. चार बंदरांत थांबे घेऊन मे २०१० मध्ये ते परतले आणि एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय ठरले. त्यापूर्वी त्यांनी नॉक्स-जॉन्स्टनबरोबर काम करून अनुभव घेतला होता. 'द फर्स्ट इंडियन' हे त्यांचे इंग्रजी पुस्तक नौका बांधण्यापासूनची हकीकत सांगते. अभिलाष टॉमी यांनी २०१२–१३ मध्ये 'म्हादेई'तूनच विनाथांबा प्रदक्षिणा केली. २०१८ च्या 'गोल्डन ग्लोब' शर्यतीसाठी त्यांनी वापरलेली 'थुरिया' ही 'सुहेली'ची प्रतिकृती असून तीही दिवाडीलाच बांधली होती. टपालाने मुंबईस आलेला आराखडा अशा रीतीने अर्धशतकानंतर पुन्हा भारतीय कारागिरांच्या हाती आला. त्या शर्यतीत हिंदी महासागरातील वादळात 'थुरिया'ची डोलकाठी मोडली व टॉमी यांना गंभीर दुखापत झाली.

प्रदर्शनांच्या बाबतीत, कोची येथे 'इंडिया बोट अँड मरीन शो' भरतो. मुंबईत इन्फॉर्माच्या आयोजनाखाली 'इनमेक्स' हे सागरी उद्योगाचे प्रदर्शन भरत आले आहे. त्याचा भर व्यापारी जहाजे व बंदरे यांवर असतो.

अंतर्देशीय जलाशय

नौका हा विषय किनाऱ्यापुरता मर्यादित नाही. सोलापूर जिल्ह्यात पंढरपूर येथे चंद्रभागेत वारकऱ्यांना पैलतीरी नेणाऱ्या होड्या चालतात. सुमारे ११७ अब्ज घनफूट साठवणक्षमतेच्या उजनी जलाशयात मासेमारी, पक्षिनिरीक्षण आणि काठावरच्या गावांमधील ये-जा यांसाठी होड्या वापरल्या जातात. २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातील कुगाव येथून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटून सहा जणांचा मृत्यू झाला.

भारतात १९१७ च्या कायद्याची जागा घेणारा अंतर्देशीय जलयान अधिनियम २०२१ मध्ये संमत झाला. नौकांची नोंदणी, तपासणी व जीवनरक्षक साधने यांची तरतूद त्यात आहे. मात्र वाऱ्याचा अंदाज घेणे, होडीचा भार ओळखणे, तरंगजाकीट नेमके कसे बांधावे आणि होडी उलटल्यास तिला धरून कसे राहावे, या गोष्टी कायद्याच्या कलमांतून शिकता येत नाहीत. इंग्रजी भाषक हौशी नाविकांपर्यंत त्या चॅपमनच्या पुस्तकासारख्या स्वस्त, सचित्र व सोप्या प्रकाशनांतून पोहोचल्या. नौकाविषयक प्रकाशनाचा हा उपयोग छंदापेक्षा अधिक मूलभूत असून, जलाशयाच्या काठी राहणाऱ्या वाचकाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व सर्वाधिक आहे.